गयेला सोडलेली साखर

नंदनवन, नागपूर
१४ जून २०२५

सोनिका,

सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा असतो. मी तो लिहून खोडला, कारण नको असलेल्या सासूचा आशीर्वाद म्हणजे उगाच डोक्याला भार. फोनवर तू मला बंद करून ठेवलं आहेस. अंकित दर रविवारी त्याच्या बाबांशी पाच मिनिटं बोलतो, मला "बरी आहेस ना" विचारतो आणि उत्तर यायच्या आत फोन ठेवतो. पोटचा मुलगा, पण पुण्याला गेल्यापासून कुरिअरवाल्यासारखा बोलतो. म्हणून पत्र लिहायला बसले आहे. फाडायचं तर फाड, पण आधी वाच.

मुद्द्याचं लिहिते. तुझ्या सासऱ्यांचा उजवा डोळा गेला. अंकितला त्यांनी "थोडं धूसर दिसते" एवढंच सांगितलं आहे, ते खोटं आहे. उजव्याने काही दिसत नाही. डाव्याच्या पडद्यावर रक्त उतरतं आहे, इंजेक्शनं झाली, लेझर झालं. आता १२ ऑगस्टला ऑपरेशन आहे, आणि डॉक्टर म्हणतात की त्यानंतर किती दिसेल ते सांगता येत नाही. सध्या समोरचं माणूस खिडकीजवळ उजेडात बसलं तर त्यांना ओळखू येतं.

खुशीला आठ दिवस पाठव. ती गेली तेव्हा चार वर्षांची होती, आता सहाची झाली. तिचा चेहरा कसा झाला आहे ते त्यांना एकदा बघायचं आहे. त्यांनी मला तसं सांगितलेलं नाही. पण परवा शेजारची मुलगी आली तर तिला खिडकीत उभी करून "तुही उंची किती गा झाली" म्हणत होते. मुलीला पुरुषासारखं "गा" म्हणाले, इतकं ते भलतीकडेच बघत होते.

तू नाही आलीस तरी चालेल. अंकितने आणून सोडलं तरी पुरे.

हे सगळं कशाने झालं ते मी उगाळत नाही. ते डाएट सोड्याचे डबे घरात कोणी आणले ते सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी महालक्ष्म्यांच्या जेवणाला मी जे बोलले ते काळजीपोटी बोलले. रिकाम्या डब्यांचं पोतं भर पंगतीपुढे ओतायला नको होतं, एवढं मी कबूल करते. पण डबे काही मी रंगवून आणले नव्हते. ते तुझेच होते.

उत्तर दे. नाही तर खुशीलाच उत्तर म्हणून पाठव.

इंदू गणपतराव

•

नंदनवन, नागपूर
३ जुलै २०२५

सोनिका,

एकोणीस दिवस झाले. पोस्टमन रोज समोरून जातो आणि मी दारात उभी असते, हे आता त्यालाही कळलं आहे. काल म्हणाला, "काकू, काहून रोज उभ्या राहता, आलं तर मी देतोच ना." त्याला काय सांगू?

तुला वाटत असेल की म्हातारी आपलं खरं करायला बसली आहे. मग ऐक तरी माझी बाजू. तू या घरात यायच्या आधीपासूनचं सांगते.

हे हिंगण्याला कंपनीत होते तेव्हा पाळी सुटली की फाटकासमोरच्या टपरीवर सगळ्या फिटर लोकांची रांग लागायची. भट्टीतून बाहेर आलेली माणसं, त्यांना पाण्याने बरं वाटत नसे. रंगीत थंड बाटली लागायची. मग मोटरसायकलवर घरी. तीस वर्षं रोज एक, उन्हाळ्यात दोन. निवृत्त झाले तरी चार वाजले की टपरीची आठवण यायची. वर सहा कप चहा, तो असा गोड की चमचा उभा राहावा. शुगर निघाली तेव्हा डॉक्टरांनी सगळं बंद सांगितलं. दहा वर्षं सांगत होते. यांनी ऐकलं नाही.

शेवटी मीच युक्ती केली. पितृपक्षात गयेला नेलं. तिथे पिंडदान झाल्यावर आवडीची एक गोष्ट कायमची सोडायची असते, हे तुला माहीत आहे. लोक वांगं सोडतात, फणस सोडतात, जे वर्षातून एकदा खातात ते सोडून मोकळे होतात. मी यांना साखर सोडायला लावली. डॉक्टरने सांगितलेलं माणूस चुकवतो, आईबापाच्या पिंडापुढे बोललेलं चुकवत नाही. आणि खरंच, त्या दिवसापासून साखरेचा कण त्यांच्या जिभेवर पडला नाही. हे मी केलं.

मग तू आलीस मध्ये. तू हिंगण्याच्याच खाण्याच्या कंपनीत तपासणी खात्यात, डब्यावरचं बारीक अक्षर वाचायची तुला खोड. तू म्हणालीस, चार वाजता ते कासावीस होतात, त्यांना बिनसाखरेचा डाएट सोडा द्या, रोज एक. हे कायमचं नाही, सहा महिन्यांत मी त्यांना ताकावर आणते. मी म्हटलं, गोड लागतं म्हणजे त्यात गोड आहे, आणि गोड आहे तर नवस मोडला. तू हसलीस. ते हसणं मी विसरले नाही. आपल्या घरात शिकलेल्या माणसाने हसायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, असं कधीपासून झालं?

मी काय त्यांच्यासाठी कमी केलं? तू सकाळी नऊला जायचीस, सातला यायचीस. दिवसभर कोण होतं? वामनभाऊजी काटोलहून मळ्यातली संत्री पाठवायचे. मी अकरा वाजता हाताने रस काढायचे, बी वेचून, गाळून. संत्री संपली की मोसंबी. चहा करायचे तो गुळाचा. डब्यातलं केमिकल नाही, घरचं, ताजं. एवढं करून माझ्याच वाट्याला हे आलं.

ते तुझं नाव घेत नाहीत. मला वाटतं अजून राग आहे त्यांना. पण खुशीसाठी मन मोठं कर.

इंदू

•

नंदनवन, नागपूर
२२ जुलै २०२५

सोनिका,

तुझं पत्र मिळालं. आशीर्वाद नाही, नमस्कार नाही, खाली सहीसुद्धा नाही. तीन प्रश्न. "रस रोज किती आणि कधीपासून? गुळाचा चहा किती कप? मला तेव्हा का सांगितलं नाही?" मी चार पानं लिहिली आणि तू त्यातलं नेमकं तेवढंच वाचलंस. कंपनीत माल नापास करताना असंच लिहीत असशील.

पहिल्यांदा वाचलं आणि तुला चांगली झोडणारी दोन पानं लिहिली. ती फाडली. आता उत्तर देते.

रस सकाळी एक ग्लास आणि दुपारी जेवणावर एक. मोठा स्टीलचा ग्लास, तुला माहीत आहे. जानेवारीपासून ते सप्टेंबरपर्यंत. गुळाचा चहा पाच कप. कधी दुपारी खजूर घोटून दूध. तू यायच्या आत भांडी घासून पालथी घातलेली असायची. का सांगितलं नाही, तर तू नको म्हणाली असतीस म्हणून.

तू आता म्हणशील, एवढं साधं कळलं नाही? नाही कळलं. आणि का नाही कळलं ते तुझ्या तपासणी खात्यात कोणी शिकवणार नाही, म्हणून सांगते. आपण एकादशीला पोळी खात नाही, साबुदाण्याची खिचडी ताटभर खातो. कोणी विचारतं का, पोटाला जड काय आणि हलकं काय? विचारायचं एकच असतं, उपासाला चालतं की नाही. मी यांच्या दुखण्याचा तसा उपास करून टाकला. गयेला सोडली ती साखर. गूळ सोडला नव्हता. संत्री सोडली नव्हती. फळ तर देवालाही चालतं. जे सोडलं नाही ते सगळं चालतं, हा माझा हिशोब होता, आणि मी तो इतका चोख पाळला की आजूबाजूच्या बायकांनी माझ्याकडून शिकावं. तुझा तो डबा मात्र मला विटाळ वाटायचा. त्यात साखर नव्हती, हे तू चार वेळा वाचून दाखवलंस तरी.

आणखी एक लिहायचं आहे. 

यांना शंका आली होती. फेब्रुवारीत एकदा ग्लास हातात घेऊन म्हणाले, "अवं, हे लई गोड लागून राहिलं. डॉक्टरले विचारलं का तू?"

मी म्हटलं, "विचारलं नं. फळाचं काही होत नाही म्हणाले."

मी विचारलं नव्हतं. डॉक्टरांना विचारायचं म्हणजे तुझ्यासमोर विचारायचं, तूच घेऊन जायचीस ना त्यांना. मी हो म्हटलं आणि ते प्यायले. त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही. बायको खोटं बोलेल असं त्यांना वाटायचं काही कारण नव्हतं.

तुझ्या डब्यांनी जानेवारीपर्यंत त्यांची तीन महिन्यांची शुगर दहाच्या वरून आठच्या खाली आणली होती. ऑगस्टमध्ये ती बाराला टेकली. जानेवारीचा तो कागद गव्हाच्या कोठीत, खाली वर्तमानपत्र घातलं आहे त्याखाली आहे. पंगतीत तू एकच वाक्य बोलली होतीस, "आई, रिपोर्ट दाखवा." मी म्हटलं होतं, सापडत नाही. तो तिथेच होता.

आता तुला हवं ते मिळालं. मला खरंच काही ठाऊक नव्हतं गं, जे केलं ते अज्ञानाने केलं. ऑपरेशनला वीस दिवस आहेत. खुशीला पाठव.

इंदू

•

नंदनवन, नागपूर
१९ ऑगस्ट २०२५

सोनिका,

तुझं दुसरं पत्र २९ जुलैला आलं होतं. "मला एकटीला लिहून उपयोग नाही. जिथे पोतं ओतलं तिथे, त्याच लोकांसमोर बोला. मग खुशीला घेऊन मी स्वतः येते."

मी तीन दिवस ते पदराला बांधून फिरले. मग मनाशी ठरवलं की लोक असे एकाएकी कुठून गोळा करू, महालक्ष्म्यांना सगळे येतातच, तेव्हा बोलू. तुला तसं कळवायलाही मी बसले नाही. खरं सांगायचं तर वामनभाऊजी आणि त्यांची वंदना एका फोनवर आले असते. काटोल काही परदेशात नाही. मला दिवस हवे होते, दुसरं काही नाही.

१२ तारखेला ऑपरेशन झालं. परवा पट्टी काढली. त्यांना खिडकी कळते, दिवा कळतो, समोरून कोणी गेलं तर हललेलं कळतं. चेहरा कळत नाही. डॉक्टर म्हणाले, आता एवढंच राहील.

म्हणजे खुशी आली तरी आता उपयोग नाही. मी ते पंधरा दिवस घालवले. हे मी तुला सांगते आहे कारण दुसऱ्या कोणाला सांगायची हिंमत नाही.

मागच्या पत्रात शेवटी मी लिहिलं की मला ठाऊक नव्हतं. तेही धड खरं नाही. रस देत होते तेव्हा ठाऊक नव्हतं. पण पोतं ओतलं तेव्हा ठाऊक होतं.

महालक्ष्म्यांच्या चार दिवस आधी त्यांच्या डोळ्यापुढे काळं जाळं आलं आणि आपण त्यांना नेत्रतज्ज्ञाकडे नेलं, आठवतं? तू आत त्यांच्याबरोबर होतीस, मी बाहेर बाकावर. समोर भिंतीवर मधुमेहाच्या लोकांनी काय प्यावं त्याचा मोठा कागद होता, मराठीत, चित्रांसकट. वर पाण्याचा ग्लास, त्याखाली बिनसाखरेचं ताक, मीठ घातलेलं लिंबूपाणी, कोरा चहा. डाएट सोड्याच्या डब्यापुढे लिहिलं होतं, कधीतरी, सवय नको. आणि खाली लाल फुल्या. गोड कोल्ड्रिंक, उसाचा रस, फळांचा रस, गूळ, मध. फळांच्या रसाचं चित्र संत्र्याचंच होतं. मी तो कागद तीनदा वाचला. मग मी जागा बदलून भिंतीकडे पाठ करून बसले.

डॉक्टरांनी बाहेर येऊन विचारलं, हे काय काय पितात? तू सांगायला तोंड उघडलंस, त्याआधी मीच म्हटलं, "ते डाएटचे डबे पितात रोज." तू मान खाली घातलीस. तुला वाटलं की आपलंच काहीतरी चुकलं. मला ते दिसलं, आणि मला बरं वाटलं.

घरी आल्यावर रस बंद केला, गूळ बंद केला. कोणाच्या लक्षात आलं नाही. आणि चौथ्या दिवशी वंदनाने पंगतीत विचारलं, "ताई, भाऊजींचे डोये काहून असे झाले?" तेव्हा मी उठून मागच्या अंगणातून पोतं आणलं. वर्षभराचे डबे, मीच भंगारवाल्यासाठी साठवले होते. घरंगळत घरंगळत एक डबा थेट महालक्ष्मीच्या पाटाला जाऊन लागला. तुझ्या हातात कढीचं भांडं होतं. ते तू खाली ठेवलंस, खुशीचा हात धरलास आणि वर गेलीस. पंगतीतून कोणी तुला थांब म्हणालं नाही. मी म्हणणार कुठून?

ते त्या वेळी ताटावर बसले होते. काही बोलले नाहीत. तो राग तुझ्यावरचा होता असं मी आजवर धरून चालले आहे.

१ सप्टेंबरला जेवणं आहेत. बोलणार आहे.

इंदू

•

नंदनवन, नागपूर
४ सप्टेंबर २०२५

सोनिका,

बोलले.

सोमवारी संध्याकाळी पंगत बसली. वामनभाऊजी, वंदना, लकडगंजचे माझे दोन भाऊ आणि भावजया, समोरच्या दोन घरची माणसं. म्हणजे त्या वर्षी होती तीच, एक माझे मामा तेवढे गेले. आंबील वाढून झाली. पुरणपोळीवर तूप पडलं. हे भिंतीला टेकून खुर्चीवर, मांडीवर ताट, कारण आता खाली बसून वाटी चाचपताना सांडतं. मी वाढपाचं भांडं ठेवलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. रस, गूळ, कोठीतला कागद, भिंतीवरचा कागद. सोनिकाचा काही दोष नव्हता, मला ठाऊक होतं, तरी मी पोतं ओतलं, असं सरळ शब्दांत. एकही गोष्ट गाळली नाही.

तू तिथे असतीस तर तुला हसू आलं असतं. कोणीही विश्वास ठेवला नाही.

वंदना म्हणाली, "अवं ताई, तुमी तर मायेनं देलं. संत्र्यानं कोनाचे डोये जातात का? आमी जन्मभर तेच पेऊन राहिलो."

वामनभाऊजींना तर रागच आला. "वहिनी, माह्या मळ्यातल्या संत्र्यायले नावं नका ठेवू. एक फवारा जास्तीचा मारत नाही मी." मग भावाकडे वळून म्हणाले, "पाहा दादा, त्या पोरीनं हे वहिनीच्या तोंडून वदवून घेतलं. नातीले अडवून ठेवलं ना. समजते आमाले."

माझी भावजय पदराने डोळे पुसत होती. माझं मन किती मोठं, सुनेसाठी स्वतःवर घेतलं, असं ती शेजारणीला सांगत होती. मी ओरडले, "अगं, मी खरं सांगते आहे!" तर सगळे मला धरून बसवायला लागले. कोणी पाणी आणलं. दोन वर्षांपूर्वी मी एक खोटं बोलले आणि ते सगळ्यांनी घोटभर पाण्याबरोबर गिळलं. आता तेच परत काढून दाखवलं तर कोणी हात लावायला तयार नाही. या लोकांच्या घरी तू जन्मभर डबेवालीच राहणार आहेस, आणि ते मी केलेलं आहे. मला ते मोडता आलं नाही. तू अट घातलीस तशी मी पाळली, पण त्यातून तुझ्या पदरात काही पडलं नाही.

एकाच माणसाने विश्वास ठेवला.

गलका थांबल्यावर यांनी ताट बाजूच्या स्टुलावर ठेवलं. चाचपत ठेवलं, वाटी कलंडली. म्हणाले, "इंदू, तू डॉक्टरले विचारलंच नव्हतं?"

मी म्हटलं, "नाही."

"म्हंजे मी त्या डब्यायनं आंधळा नाही झालो."

"नाही."

लोक पोळी मोडायची थांबले. मग हे म्हणाले, आणि आवाज चढवून नाही, अगदी हळू म्हणाले, "दोन वर्षं मी माह्या जिभेले शिव्या देऊन राहिलो. मले वाटे, हट्ट माहा होता. मीच त्या पोरीले म्हणलं होतं, चार वाजता मले काहीतरी थंड दे वं. तिनं माह्यासाठी आणलं, आणि माह्यापायी तिचं घर सुटलं. म्हणून मी तिले फोन नाही केला. कोणत्या तोंडानं करू? आणि तुले सारं माहीत होतं. तू रोज माह्या बाजूले बसून वाती वळून राहिली होती."

सोनिका, हे मला खरंच माहीत नव्हतं. त्यांचा तुझ्यावर राग आहे असं मी समजत होते. ते गप्प बसायचे तेव्हा मला सुटल्यासारखं वाटायचं. ते स्वतःला खात होते, तेही माझ्याजवळ बसून, आणि मी विचारलं नाही. डोळे गेले ते माझ्या अडाणीपणाने गेले, त्याला निदान मी अज्ञान म्हणू शकते. याला काय म्हणू?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः अंकितला फोन लावून मागितला. शेजारच्या मुलाने नंबर दाबून दिला, मला दाबू दिला नाही. तुला कळलंच असेल, अंकित शनिवारी येतो आहे त्यांना न्यायला. त्यांना तुझ्याकडे राहायचं आहे. खुशीचा चेहरा दिसणार नाही, पण आवाज ऐकीन म्हणतात. मला चल म्हणाले नाहीत, आणि मी विचारलं नाही. माझं काय ते मी इथे बघेन.

तुला शिकवायची माझी लायकी नाही, तरी दोन वर्षं मी सगळं बरोबर करते आहे ते लिहून ठेवते, कारण अंकितला काही ठाऊक नाही. सकाळी उठल्यावर कोमट पाणी, साधं, त्यात मध घालू नकोस. चहा दोन कप, बिनसाखरेचा, आलं ठेचून. गूळ मागत नाहीत. अकराला ताक, पातळ, जिरेपूड आणि जरासं मीठ, प्रेशर आहे म्हणून जरासंच. उन्हात लिंबूपाणी, तेही मिठाचं. संत्रं द्यायचं तर अर्धं, फोडी करून, चोथ्यासकट, रस नाही. चार वाजता अजूनही कासावीस होतात. त्या वेळी साधा सोडा लिंबू पिळून दिला तर भागतं, मी मागच्या उन्हाळ्यात करून पाहिलं आहे. तरी एखाद्या दिवशी तुझा तो डबा मागितला तर दे. डॉक्टरांना विचारलं आहे, कधीतरी चालेल म्हणाले. खरंच विचारलं आहे. आज सकाळीच जाऊन आले, चिठ्ठीवर लिहून घेतलं आहे, ती सोबत जोडली आहे.

दिवसभरात पाणी किती गेलं त्यावर लक्ष ठेव. आणि पाणी देताना ग्लास समोर टेबलावर ठेव, थोडा आवाज करून, आणि "ठेवला" असं म्हण. मग ते हात पुढे करून शोधतात आणि घेतात. हातात दिलेला ग्लास सोमवारपासून ते घेत नाहीत. सगळ्यांच्याच हातचा घेत नाहीत की फक्त माझ्या, ते तिकडे आल्यावर तुला कळेल. कळलं तर मला लिहू नकोस.

इंदू